टाकीचा दादरा

आमी दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे व्हॅनच्या पेट्रोल टाकीच्या झाकणाले प्लास्टिकची पन्नी बांधली. म्हणजे बांधली तिनं. मी झाकण धरून उभा होतो.

त्याचं असं झालं. आमी माळी माणसं. बडनेऱ्याच्या पुढे आमचा मळा हाय, झेंडू अन् शेवंतीचा. फुलं तोडायची, व्हॅनमध्ये भरायची अन् अकोल्याच्या फूलबाजारात नेऊन द्यायची, हेच आमचं काम. व्हॅन जुनी, पेट्रोलवरची. तिचं इंजिन पुढच्या सीटांखाली असते, उन्हाळ्यात बुडाखाली चूल पेटवल्यासारखं वाटते. तर अकोल्याची जी फुलवाली आमचा सारा माल घेते, ती एक दिवस तोंडावर म्हणाली, "काकू, तुमच्या शेवंतीले पेट्रोलचा वास येऊन राहिला. याचे हार देवाले घालू का इंजिनाले?"

माह्या बुढीले ते लागलं. घरी आल्यावर तिनं सारी गाडी हुंगली, चाकापासून टपापर्यंत. मी म्हणलं, "गाय हाय का ते?" तिनं लक्ष दिलं नाही. हुंगत हुंगत टाकीच्या झाकणापाशी येऊन थांबली. झाकणाचं रबर झिजलं होतं, तिथून वास ये.

"नवं झाकण आणतो," मी म्हणलं.

"तुमी आणसान तवा आणसान. तवरोक फुलं नासवता का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे फुलं भरून झाल्यावर तिनं खताच्या पोत्यातली जाड पन्नी कापली. दुहेरी केली. झाकणाच्या आतल्या अंगानं चढवली अन् वरून हाराच्या दोऱ्यानं गच्च आवळली, लोणच्याच्या बरणीले दादरा बांधतात तशी. दोरा दातानं तोडला, थुंकली, "शी, माय!" म्हणाली अन् हसू लागली. मग झाकण बसवून मी किल्ली फिरवली अन् आमी निघालो.

रस्त्यात कुरुमपाशी आमी थांबलो. मूर्तिजापूरले थांबलो. बोरगावले थांबलो. हे काही नवं नव्हतं. ती संग असली की गाडी अकोल्यापर्यंत सलग कधी गेलीच नाही. थोडं अंतर गेलं की ती म्हणे, "गाडीले दम घेऊ द्या."

मी म्हणे, "लोखंडाले कायचा दम?"

"तुमाले काय समजते? तुमी नुसतं चाक फिरवता."

नाव गाडीचं सांगे, दम तिले लागे. ते मले समजे. मले समजते हे तिलेही समजे. पण बोलायची रीत ठरून गेली होती. मी कुरकुर करे अन् गाडी बाजूले घे. ती चहा घे, पाय मोकळे करे, टायरले उगाच एक लाथ मारून पाहे, म्हणे, "चाला, घेतला हिनं दम."

त्या दिवशी अकोल्यात फुलवालीनं शेवंती नाकाले लावली. "आज नाही येत वास," म्हणाली. बुढी माह्याकडं अशी पाहू लागली की जशी जिल्हा जिंकून आली.

दुसऱ्या दिवशी झेंडू तोडता तोडता ती वाफ्यात खाली बसली. मी समजलो, पायात काटा रुतला. आवाज दिला. जवळ गेलो तवा पदराच्या ओट्यात फुलं तशीच होती अन् ती नव्हती.

तिचं सारं झाल्यावर लोकं आपापल्या घरी गेले. पोरगा नागपूरले नोकरीले हाय, तोही गेला. फुलं कोणासाठी थांबत नाहीत. मी एकटाच गाडी घेऊन निघालो. तिच्या सीटवर तिची गोधडीची घडी होती, इंजिनाचा चटका लागू नये म्हणून ती टाकून बसे. ती मी काढली नाही. कुठं थांबलोही नाही. कोणासाठी थांबू? अकोला गाठायचं, माल टाकायचा, घरी यायचं, इतकंच डोक्यात होतं.

कुरुमच्या जवळपास गाडीनं दोन गचके दिले अन् बंद पडली.

सेल्फ मारला. इंजिन फिरे, पण लागे नाही. पुन्हा मारला, नाही. चौपदरी रस्ता, बाजूनं ट्रक असे जात की उभी गाडी हाले. खाली उतरून पाहिलं, काही समजलं नाही. मग जाऊन बसलो आपल्या जागेवर. बऱ्याच वेळानं सहज किल्ली फिरवली, तर लागली. जसं काही झालंच नाही. मूर्तिजापूर सोडल्यावर पुन्हा तेच.

तवापासून हेच चालू झालं. एखाद्या दिवशी नीट जाये, चार दिवस रडवे. अमरावतीच्या गॅरेजवाल्याकडं नेली. त्यानं प्लग बदलले. मग कॉइल बदलली. म्हणे, गरम झाली की कॉइल मरते, थंड झाली की जिती होते. मले पटलं. पण ती नव्या कॉइलवरही बंद पडली. मग पेट्रोलची जाळी बदलली, मग पंप. त्याच्या दारात गाडी कशी सुतासारखी चाले. सासरची माणसं समोर असली की पोरगी जशी वागते, तशी. तो म्हणे, "काका, गाडीत काही नाही. तुमीच क्लच बरोबर दाबत नसान." चाळीस वर्षं गाडी हाकणाऱ्याले हे सांगते.

एक गोष्ट मात्र माह्या ध्यानात आली होती. पंपावर पेट्रोल भरलं की त्यानंतर काही वेळ गाडी नीट चाले. मले वाटे, पोट भरलं की खुश राहते. पंपावरचा माणूस झाकण काढताना दर खेपेले म्हणे, "काका, टाकीत लोणचं घातलं का?" मी म्हणे, "हो, कैरीचं." तो हसे, झाकण लावून दे. इतकं जवळ होतं ते. त्याच्या हातात होतं, माह्या डोळ्यासमोर होतं. पण त्या पन्नीकडं मी बिघाड म्हणून कधी पाहिलं नाही. तिची गाठ दिसली की मले दुसरंच दिसे.

अन् खरं सांगू? मी देवभोळा माणूस नाही. भूतखेत काही मानत नाही. पण कुरुमपाशी बंद, मूर्तिजापूरपाशी बंद. ज्या जागी ती थांबायले लावे, त्याच जागी. पयल्यांदा राग आला. मग गाडी बंद पडली की मी सेल्फ मारणंच सोडलं. बसून राहे. बाजूच्या गोधडीकडं पाहून म्हणे, "घे, घे दम." घरात माह्याशी बोलणारं कोणी नव्हतं. दिवसभरात माह्या तोंडून जे काही निघे, ते त्या बंद गाडीतच. गॅरेजवाल्याकडं जायचं मी टाळू लागलो.

हे पोराले कोणीतरी सांगतलं असेल, म्हणजे गाडी रस्त्यात उभी असते अन् म्हातारा आत बसून राहते हे. रविवारी तो आला.

"बाबा, मागून ट्रक येऊन ठोकन एखाद्या दिवशी. इकून टाका ते भंगार."

"अन् फुलं कायनं नेऊ?"

"काहून न्याची? मळा वाट्यानं द्या. माह्याकडं चाला."

त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. चांगलं हाय, सून चांगली हाय. पण तिथं मी करू काय? खिडकीत उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्या पाहू? मळा, गाडी अन् अकोल्याचा रस्ता, एवढंच माह्याजवळ राहिलं होतं, अन् एक गेलं की बाकीचं जाणार होतं. मी म्हणलं, "दुरुस्त करतो."

"पुन्हा एक डाव रस्त्यात बंद पडली तर इकायची. कबूल?"

त्याचा आवाज त्याच्या मायसारखा झाला होता. भेला होता तो. मी म्हणलं, "कबूल."

अन् त्याच हप्त्यात ती काटेपूर्णेच्या पुलाच्या अलीकडं बंद पडली. भर उन्हात, मागं शेवंती भरलेली. या डाव मी गोधडीशी बोललो नाही. मूर्तिजापूरच्या एका मेकॅनिकचा नंबर ढाब्यावरून घेतला अन् त्याले म्हणलं, "जशी हाय तशी, बंद असतानाच पाहा. चालू झाली तर तुले काही सापडणार नाही."

तो फटफटीवर आला. माह्याच वयाच्या आसपासचा, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा. आल्या आल्या तिच्या सीटले हात घातला, कारण इंजिन तिच्याखाली. मी म्हणलं, "थांब." गोधडी मी माह्या हातानं उचलली अन् कडेवर घेऊन उभा राहिलो. 

त्यानं एक प्लग काढला, इंजिनाच्या लोखंडाले टेकवला. "मारा सेल्फ." निळी ठिणगी पडली. "करंट हाय. मंग हिले पेट्रोल भेटून नाही राहिलं." कारबोरेटरची नळी सोडली. "मारा." नळी कोरडी. एक थेंब नाही.

"टाकीत हाय का पेट्रोल?"

"अर्ध्याच्या वर."

"काटा सांगते का तुमी सांगता?"

"काटा कवाचाच मेला. मी सांगतो."

"मंग माह्या डोळ्यानं पाहू द्या." तो मागं गेला अन् त्यानं झाकण फिरवलं.

फुस्स झालं. मोठ्यानं. टाकीनं श्वास आत ओढला तसं. मले पुढं उभ्यानं ऐकू आलं.

त्यानं झाकण हातात उलटं केलं. पन्नी आत ओढून वाटीसारखी खोल झाली होती. त्यानं खर्रा थुंकला अन् हसला. "मारा आता." नळीतून पेट्रोल भसकन आलं. नळी जोडली, गाडी लागली.

"काका, या झाकणाले बारीक भोक असते. पेट्रोल जसं खाली जाते, तशी वरून हवा आत याले पायजे. तुमी ते बुजवून टाकलं. टाकीले दम घ्यायले जागाच नाही. गाडी उभी राहिली की चोरून चोरून थोडी हवा आत जाते, मंग चालते. मधामधात थांबत जासान तर समजणारही नाही."

मले तिच्या संगचा शेवटचा फेरा आठवला. पन्नी त्या दिवशीही होती. आमी थांबत थांबत गेलो होतो.

त्यानं दोऱ्यात नख घातलं. मी त्याचा हात धरला. "तोडू नको."

"अजी, हेच तर रोग हाय!"

"माहीत हाय. घरी काढतो."

त्यानं गोधडीकडं पाहिलं, मग माह्याकडं. झाकण माह्या हातात दिलं. टाकीच्या तोंडात फडक्याचा बोळा सैल कोंबला अन् म्हणाला, "जा हळू."

झाकण तिच्या सीटवर ठेवून अकोल्याले गेलो. फुलवालीनं शेवंती हुंगली, तोंड वाकडं केलं, पण माल घेतला. म्हणाली, "काकू असती तर तुमाले बदडलं असतं."

"बदडलंच असतं," मी म्हणलं.

संध्याकाळी पोराले मीच फोन लावला. लपवलं नाही. "बंद पडली होती. पण रोग सापडला."

"काय होतं?"

"तुह्या मायनं झाकणाले दादरा बांधला होता. त्यानं हवा कोंडली."

तो म्हणाला, "बाबा, मायनं बांधला असन तर लय गच्च असन."

"हो."

"काढला का?"

"सकाळी पाहतो."

"पाहा," तो म्हणाला. "अन् मग सांगा मले." इकायचं नाव त्यानं काढलं नाही.

सकाळी तोंड धुतलं अन् झाकण घेऊन ओट्यावर बसलो. गाठ सोडायले घेतली. नखानं सुटेना, अन् दात लावायची मले हिंमत झाली नाही. मग तिची हार ओवायची सुई आणली. झाकणातलं भोक पन्नीवरून चाचपून काढलं अन् बरोबर तिथं सुई आरपार घातली. फिरवून फिरवून भोक मोठं केलं. तोंड लावून फुंकलं. हवा गेली. जिभेवर पेट्रोल आलं, थुंकलो. दादरा जसा होता तसा राहिला.

फुलं भरली, निघालो. कुरुम आलं. गाडीनं गचका दिला नाही, एका सुरात चालली होती. तशीच अकोल्यापर्यंत गेली असती. मी टपरीपाशी बाजूले घेतली अन् किल्ली फिरवून बंद केली.

टपरीवाला म्हणाला, "आज बी पडली का बंद, काका?"

"पडली नाही. केली."

"काहून?"

"दम घेऊन राहिली. चहा टाक."

चहा पिलो. टायरले एक लाथ मारून पाहिली. पयल्याच किल्लीत लागली. मूर्तिजापूरले थांबलो, मग बोरगावले.