फक्त आपण तिघं

कर्जतच्या आमच्या चर्चमध्ये मुलांचा वर्ग आणि तरुण मंडळ माझा शेजारीच सांभाळतो. कुणीही हाक मारली की "आलोच!" घरी मात्र "पुढच्या रविवारी नक्की." शेवटी त्याची बायको भडकली, तेव्हा म्हणाला, "शनिवारी माथेरान. फक्त आपण तिघं."

मी त्यांना गाडीनं नेरळला सोडायला गेलो, तर तिथं वर्गातली निम्मी पोरं डबे घेऊन हजर!

"त्यांनी इचारलं. नाय कसं म्हणू?" तो पुटपुटला.

बायकोनं तोंड फिरवलं. लेकीनं विचारलं, "पप्पा, आज मी पण तुमच्या वर्गातच का?"

त्याचा चेहरा उतरला. त्यानं तिला खांद्यावर घेतलं आणि मला म्हणाला, "दादा, पोरांना तेवढं तुमी घरी सोडा."

पोरांना त्यानं पहिल्यांदाच नाही म्हटलं, तेही माझ्या जिवावर!