द्राक्षं नव्हती, वास मात्र होता

परवा सकाळी साडेआठला लॅबमध्ये पाऊल टाकलं आणि डोकंच फिरलं. आत द्राक्षांचा वास... चांगल्या पिकलेल्या, गोड द्राक्षांचा.

बारामतीतल्या एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबची मी इन्चार्ज. आत खाण्यापिण्याला सक्त मनाई, हा माझा पहिला नियम. पण सध्या हंगाम आहे. इंदापूरकडचे पेशंट येताना द्राक्षांची पेटी आणतात आणि नको नको म्हटलं तरी ठेवून जातात.

साहजिकच आमची टेक्निशियन रूपाली तावडीत सापडली. "मॅडम, देवाशपथ, एक मणीसुद्धा आत आणलेला नाही," ती म्हणाली. मी कुठली ऐकतेय! ड्रॉवर उघडले, लॉकर उघडायला लावलं, सॅम्पलचा फ्रीजही पाहिला.

तेवढ्यात वॉर्डमधून फोन. तिसऱ्यांदा. कळस गावच्या एका तात्यांच्या पायाच्या जखमेचा रिपोर्ट कधी मिळणार? मधुमेह, अंगठ्याला झालेली जखम आणि काळेपणा वर सरकत चाललेला... अंगठ्यावर भागेल की पाऊलच काढावं लागेल, हे सर्जनना लवकर ठरवायचं होतं.

"बघतेय," म्हणून फोन ठेवला. आणि पुन्हा द्राक्षंच शोधायला लागले! कशात लक्ष लागेना. तो वास असा डोक्यात बसला होता की दुसरं काही सुचेना.

तात्यांची सून सकाळपासून बाहेर येरझाऱ्या घालत होती. न राहवून ती दारात आली. मी ओरडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "मॅडम, हितं बी तात्यांच्या पट्टीसारखाच वास येतोय की..."

मी जागच्या जागी थांबले. "पट्टीला कसला वास?"

"ह्योच. चार दिस झालं. आमाला वाटलं, बागंतल्या द्राक्षांचाच हाय. पाय आसा असून बी तात्या रोज माल भरायला जात हुते. ऐकत्यात व्हय ते कुणाचं? म्हणून डाक्टरला बी काय बोललो न्हाय."

इन्क्युबेटर उघडला. तात्यांच्या जखमेतले जंतू वाढवायला आदल्या दिवशी लावलेली प्लेट काढली. वाढीवर हिरवट झाक आणि वास तिथूनच. स्यूडोमोनास! हा जंतू द्राक्षांसारखा वास सोडतो, हे मी कॉलेजात शिकले त्याला किती वर्षं झाली, ते सांगत नाही.

प्लेट नाकाशी धरायची नसते आणि नुसत्या वासावर रिपोर्टही द्यायचा नसतो. म्हणून लगेच टेस्टच्या कागदावर थोडी वाढ घासली. काही सेकंदांत कागद जांभळा, म्हणजे अंदाजाला दुजोरा. सर्जनना फोन केला... पक्का रिपोर्ट उद्या, पण चालू असलेलं औषध या जंतूवर सहसा चालत नाही. त्यांनी तासाभरात औषध बदललं.

ड्रॉवर उचकण्यात माझा अर्धा तास गेला होता. आमच्याकडे या दिवसांत द्राक्षांचा वास म्हणजे तोडणी, पेट्या, गाड्या. आजार कुणाच्या डोक्यात येत नाही. घरच्यांच्या आला नाही, हे समजू शकते. माझ्या यायला हवा होता.

रूपालीची सगळ्यांसमोर माफी मागितली. ती इतकी घाबरली की "बरं मॅडम" म्हणून पळालीच.

काल ऑपरेशन झालं. अंगठा गेला, पाऊल राहिलं. सुनेला हे कळल्यावर ती माझ्या पाया पडायला वाकली... मी तिला वरच्या वर धरलं. तिच्यासमोर उभं राहायला मला अवघड वाटत होतं.

जखमेच्या सॅम्पलच्या फॉर्मवर आज मी हाताने एक ओळ वाढवली आहे... "पट्टीला वास कसला येतो, हे घरच्यांना विचारले का?"