मावशीची बैलजोडी

"जोडीनं या. येकटं आलात तर मी सुई हातात घ्यायची न्हाय," असं म्हणत मावशी नवराबायकोला शेजारी शेजारी उभं करायची, एक डोळा मिटून दोघांकडे बघायची आणि मग एकदम हसायची. ती हसली की समजावं, हिला सोंग सुचलं.

कामतघरच्या आमच्या चाळीत ती दिवसभर लूमसाठी सुताच्या कांड्या भरायची. गणपतीतल्या शुक्रवारी, लूम बंद असताना, दुपारी आमचं मंडळ जोडप्यांची सोंगस्पर्धा घ्यायचं. निम्म्या चाळीची सोंगं मावशीच करायची. वाया गेलेलं सूत, पुठ्ठे, बारदान आणि खळ एवढाच तिचा संसार. पण तेवढ्यात तिनं माणसांचं काय काय केलं, ते तुम्ही बघायला हवं होतं.

एका नव्या जोडप्याचा तिनं पाटा-वरवंटा केला. नवरा पाटा, बायको वरवंटा. नवरा कुरकुरला, "मावशी, उलटं करा की."

"न्हाय. घरात कसं हाय तसंच दाखवायचं."

सगळी चाळ हसली, बायको सगळ्यांत जास्त. शेजारचा उत्तरेकडचा कारागीर बायकोला घेऊन आला. "मौसी, हमको राम-सीता बनाओ."

"वो तो सबही बनते हैं. तुम कप-बशी बनो."

आणि ती दोघं खरोखरच कप-बशी होऊन स्टेजवर आली.

मावशी स्वतः मात्र कधी स्टेजवर आली नाही. तिचा नवरा लूमवर होता. बारा तासांच्या शिफ्टनंतर त्याची बोलायची सवयच मोडली होती. चारचौघांत उभं राहायचं म्हटलं की तो चप्पल घालून बाहेर निघून जायचा. मी मंडळाचा चिटणीस. दर वर्षी नावं लिहायला बसलो की ती म्हणायची, "आमचं पुढल्या साली." आम्ही हसायचो. मीही हसायचो.

एका वर्षी मात्र ती वहीसमोर येऊन बसली. "लिवा चिटणीस, आमची नावं. हे हो म्हनलं." पंचेचाळिशीची बाई, पण नव्या नवरीसारखी लाजत होती.

तिनं बैलजोडी काढली होती. तरुणपणी कोन या गावी असताना नवऱ्याकडे दोन बैल होते. ते विकून तो लूमवर आला होता. "दुसरं कायबी असतं तर हे उभं ऱ्हायलं नसतं," ती म्हणाली. पुठ्ठ्याची शिंगं तिनं गेरूनं रंगवली, जुन्या चादरीची झूल शिवली आणि दोघांच्या मानेवर बांबूचं एकच जू दोरीनं बांधायचं ठरवलं.

त्या वर्षी एक पुढारी पाहुणे येणार होते. तुम्ही म्हणाल, बैलांत काय वाईट? पण तेव्हा बैलजोडी म्हटलं की लोकांना निवडणूक आठवायची. पाहुण्यांचा पक्ष फुटून त्याची ती निशाणी गेली होती आणि ते गाय-वासराच्या निशाणीवर निवडून आले होते. आमचे अध्यक्ष घाबरले. "त्यांना टोमणा वाटेल. चाळीला मंजूर व्हायचा नळ अडकेल. हे नाव शेवटी टाक, पाहुणे गेले की घेऊ." पेन माझ्या हातात होतं. मी नाव शेवटी टाकलं.

पाहुणे गेलेच नाहीत. त्यांचं भाषण लांबलं, ते संपेपर्यंत आरतीची वेळ झाली आणि अध्यक्षांनी कार्यक्रम आटोपला. मी पडद्यामागं गेलो. दोन तास ती दोघं जू मानेवर घेऊन उभी होती.

"मावशी, वेळच उरला नाही," मी म्हणालो. खरं कारण सांगायचा मला धीर झाला नाही.

तिनं मान हलवली. नवऱ्यानं विचारलं, "मंग सोडू का आता?" आणि तिनं दोरीची गाठ सोडली.

दिवाळीपासून त्याची छाती धरली. शिमग्याच्या आत तो गेला. महिन्याभरानं मावशी कोनला दिराकडे कायमची निघाली, तेव्हा मी भेटायला गेलो. सामान बांधता बांधता तीच माझं समाधान करू लागली.

"मनाला लावून नका घेऊ, चिटणीस. त्या दिशी पडद्यामागं हे लय बोललं. बैलांची नावं सांगितली, मारका कंचा हुता ते सांगितलं. पंचवीस वर्सांत येवढं बोललं नव्हतं."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. तेवढ्यात ती थांबली आणि खिडकीकडे बघत म्हणाली, "पन लोकांनी बगाया पायजे हुतं यांना. येकदा तरी."

निदान तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं. मी तिची वळकटी उचलली आणि एस.टी.च्या थांब्यापर्यंत तिच्यामागून चालत गेलो.