अॅक्सलात शिरलेलं पाणी

चोर म्हणवून घेऊन मी जगणार न्हाई, असं मी साहेबांच्या तोंडावर बोललो. आजही बोलेन.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. आमच्या कार्यालयाला धड इमारत नव्हती, भाड्याच्या गोदामात टेबलं मांडलेली. त्यात दुष्काळ. टँकर गावात पोचतात का, हे बघायला साहेबांना जीपमधून फिरवायचं, हे माझं काम. चारी चाकांनी ओढणारी ती जीप. लई जीव लावला होता मी तिला.

दिवाळीच्या तोंडावर मागच्या अॅक्सलातून घुंईऽऽ आवाज यायला लागला. दौऱ्यातच अहमदपूरला म्हाताऱ्या मिस्त्रीच्या शेडमध्ये गाडी घातली. त्यानं खालचा बोल्ट सोडला, तर तेलाऐवजी दुधाळ चहासारखं काहीतरी खाली ठेवलेल्या डब्यात ओघळलं. साहेब तडकले.

"तेल विकलंस आणि पाणी भरलंस! चोर कुठला!"

"साहेब, हितं प्यायला घागर मिळंना, अन् मी अॅक्सलाला पाणी पाजू?"

"मग आलं कुठून? पाऊस तरी पडलाय का यंदा?"

तिथंच बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी मेमो लिहिला. तेलाची चोरी. म्हणाले, सही कर. ती सही म्हणजे नोकरी गेलीच, वर जन्मभराचा डाग.

"ठैरो साब," मिस्त्री म्हणाला. त्यानं स्टोव्हवर तवा तापवला, वर ते तेल थेंबभर सोडलं. फोडणीसारखं तडतडलं. "पाणी हाय, खरंय. पण ओतलेलं न्हाई, आत ओढलेलं हाय." अॅक्सलावरची हवा जायची नळी त्यानं दाखवली. जुन्या वाळल्या चिखलानं गच्च बुजलेली. "गाडी तापून आली अन् तशीच पाण्यात घातली, की आतली हवा गार हून आकसती. नळी बंद, मग चाकाजवळच्या रबरी सिलातून पाणी ओढून घेती." डब्याच्या तळाला त्यानं बोट फिरवलं. बोटावर बारीक वाळू अन् शेवाळाचा हिरवा धागा. "हे नळाचं न्हाई साब. नदीचं न्हाईतर डोहाचं."

तो डोह मला लगेच आठवला.

खंडेनवमीला गाडी धुवून, हार घातल्याबिगर आमच्यात कुणी ड्रायव्हर चाक हलवत न्हाई. शहरात नळ आठ-आठ दिवस कोरडे. त्या दिवशी मुरुडकडून तापलेली गाडी घेऊन येताना वाटेतल्या डोहात मी ती अॅक्सल बुडेपर्यंत घातली. घासूनपुसून धुतली, नारळ फोडला. तो डोह पिण्यासाठी राखीव होता. तशी पाटी लावायला साहेबांना मीच नेलं होतं, म्हणजे बघा!

मिस्त्रीनं माझ्या तोंडावरनंच ओळखलं. "सील जुनं हाय, एवढंच लिवा की साब," म्हणाला. पण साहेब माझ्याकडंच बघत होते.

"पाण्यात कुठं घातलीस गाडी?"

गप्प राहिलो तर चोर, बोललो तर ही भानगड. इकडं आड, तिकडं विहीर. पण मी बोललो. सगळं, पाटीसकट.

"याचीही शिक्षा आहे, माहीत आहे ना?"

"हाव. ती द्या. पण चोरी हा शब्द खोडा. खोडल्याबिगर मी पेनाला हात लावत न्हाई. काय करायचं ते करा!"

साहेबांनी मेमो परत बॉनेटवर ठेवला. मग चोरी खोडून त्यांनी लिहिलं, राखीव पाण्यात शासकीय वाहन धुतले. मी फर्रकन सही ठोकली. तीन महिने निलंबित झालो, पण मान ताठ ठेवून घरी आलो. बायकोला चढ्या आवाजात सगळं ऐकवलं, कसं साहेबाला खोडायला लावलं ते.

तिनं हातातलं पीठ झटकलं. "चोर न्हाई म्हणून लिहून घेतलंत, लई बरं झालं," ती म्हणाली. "पण अवो, त्या डोहाचं पाणी माझी माय पिती."