कुंदाताई ओळख देत नसत

कुंदाताई रस्त्यात कुणालाही ओळख देत नसत. सदाशिव पेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं पार्लर होतं. एक खुर्ची, एक आरसा आणि दाराला जाड पडदा. मी पहिल्यांदा डाय करून आले आणि दोनच दिवसांनी मंडईत त्या दिसल्या. मी आपली हौसेनं म्हणाले, "काय कुंदाताई, भाजी का?" पोस्टाच्या पेटीकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दोडक्याचा भाव विचारला.

मला ते फार लागलं. पुढच्या खेपेला खुर्चीत बसल्या बसल्या मी टोमणा मारला, "मंडईत आम्ही दिसलो नाही वाटतं?"

"दिसलात की. शेजारी तुमच्या जाऊबाई होत्या. मी हसले असते, त्यांनी विचारलं असतं, ही कोण? काय सांगणार होतात?"

"मान खाली," कुंदाताई म्हणाल्या.

आज माझं डोकं कापसासारखं पांढरं आहे आणि नाती त्याचं कौतुक करतात. पण तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. पंचेचाळिशी उलटलेली, पाऊण डोकं पिकलेलं, आणि जगाला सांगायचं काय, तर आमच्या माहेरी केस पिकतच नाहीत! ह्यांना सांगितलं होतं, भजनाला जाते. कुठलं भजन, हे ह्यांनी कधी विचारलं नाही. त्याचा अर्थ त्यांना सगळं ठाऊक होतं, हे मला फार उशिरा सुचलं. आमची मेघा तेव्हा नुकतीच कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली होती. तिच्या मैत्रिणी भर दुपारी केसांना तांबड्या बटा करून घ्यायच्या आणि चारचौघांत मिरवायच्या. आम्ही आया मात्र डोक्यावर पदर घेऊन जिना चढायचो.

कुंदाताईंचे स्वतःचे केस पांढरेशुभ्र होते. "तुम्ही का नाही हो लावत?" असं विचारलं तर म्हणायच्या, "माझं डोकं बघायला कोण येतंय इथं?" हात हलका, जीभ तिखट. कढत पाण्यानं न्हाऊन आलेल्या बाईला, "डोकं आहे ते, खरकटी कढई नाही," म्हणायच्या. ओले केस विंचरणारीला, "तुटतील तेवढे घरी घेऊन जा, मी झाडणार नाही." नवीन बाईच्या कोपराच्या आत रंगाचा ठिपका लावून तिला परत पाठवायच्या, खाज सुटली नाही तरच पुढची बात. आणि शेवटी कापसावर खोबरेल घेऊन कानामागचे डाग पुसायच्या. "पुढून सगळ्याच काळ्या दिसतात. चोरी पकडली जाते ती कानामागं."

मेघाला बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी त्या खुर्चीत होते. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, कर्वेनगरला स्वतःचा फ्लॅट, आणि मुख्य म्हणजे मेघाला तो आधीच आवडलेला. दोघं एकाच कंपनीत, रोज एकत्र डबा खाणारी. "आई, तेवढं नीट पार पाड," एवढंच ती म्हणाली होती. पण तीनदा. त्या धास्तीनं माझ्या तोंडाचा नळ सुटला. मुलाचं नाव, आडनाव सगळं सांगून झालं. मग म्हणाले, "मेघाला पोहे भिजवतासुद्धा येत नाहीत. मीच करणार आणि तिच्या नावावर खपवणार. मुलाची आई म्हणे भारी चिकित्सक आहे. पोह्यातले शेंगदाणेसुद्धा निवडून बघेल!"

कुंदाताईंचा हात क्षणभर थांबला. "ताई, कमी बोला. रंग तोंडात जाईल."

मी कसली ऐकते! डोकं धुऊन झालं तशी घड्याळ बघून धावतच सुटले. मागून त्या ओरडल्या, "अहो, कानामागचं पुसायचं राहिलं!" मी तोवर खाली पोचले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळी आली. मुलगा, वडील, आई, आणि आईच्या मागून पांढऱ्याशुभ्र केसांच्या कुंदाताई.

"ही माझी धाकटी बहीण," मुलाची आई म्हणाली. "तुमच्याच पेठेत हिचं पार्लर आहे. ओळखत असाल तुम्ही!"

"नाही हो," मी म्हणाले, "कधी प्रसंगच आला नाही."

"यांना कशाला प्रसंग येईल?" कुंदाताई शांतपणे म्हणाल्या. "नमस्कार. मी मुलाची मावशी."

त्यांची माणसं सोफ्यावर बसली. कुंदाताई मात्र तिकडे जागा असूनही माझ्या शेजारी दिवाणावर, उजव्या अंगाला, अगदी खेटून बसल्या. मला वाटलं, आता ही बाई मला सोलणार. पोहे आले. मुलाच्या आईनं विचारलं, "कुणी केलेत?" मी तोंड उघडायच्या आत आमचे हे म्हणाले, "मेघानं." कुंदाताईंनी एक घास घेतला. "छान भिजलेत," म्हणाल्या. त्यांच्या बहिणीनं मग माझ्याकडे निरखून बघितलं. "तुमचे केस काळेभोर आहेत हो या वयात. काय लावता?"

"खोबरेल," मी म्हणाले. "आणि माका."

"घराण्यातच असेल," कुंदाताई म्हणाल्या आणि आणखी जवळ सरकल्या. मंडळी उठेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. जाताना मुलाची आई एवढंच म्हणाली, "कळवतो."

रात्री आरशासमोर अंबाडा सोडताना मला उजव्या कानामागं चांगला रुपयाएवढा काळा डाग दिसला. तेव्हा कुठे त्या खेटून बसण्याचा अर्थ लागला. पण धास्ती जाईना. डाग झाकणं निराळं आणि सख्ख्या बहिणीपासून लपवणं निराळं. तिच्याबद्दल मी काय काय बोलले होते! आठवडा गेला, दुसरा गेला, निरोप नाही. आईच्या मनात काय आहे, हे मुलालाही कळेना. मेघा डबा तसाच परत आणायला लागली. फोन वाजला की आम्ही दोघी दचकायचो. माझ्या भांगात पांढरी रेघ उगवली. पण जिना चढायचं धैर्य होईना. कुठल्या तोंडानं जाणार?

शेवटी रेघ बोटभर रुंद झाली तेव्हा गेले. कुंदाताईंनी नेहमीसारखं कापड गुंडाळलं.

"कुंदाताई, त्या दिवशी मी जे बोलले..."

"इथं मी कुणाची मावशी नाही. मान खाली."

"पण निदान एवढं तरी सांगा की..."

"मान खाली म्हटलं ना!"

मी मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी त्या कापडावर पडलं, ते त्यांनी बघितलं असणार. त्यांनी रंग लावला, डोकं धुतलं. मग कानामागं खोबरेल चोळता चोळता त्या सहज म्हणाल्या, "मुलीला सांगा, दिवाळीनंतरपर्यंत केस कापायचे नाहीत. आत्ता आहेत तेवढ्यात खोपा बसणार नाही."

मी आरशात बघितलं. कुंदाताई कापूस टाकायला वळल्या होत्या. त्याच संध्याकाळी कर्वेनगरहून होकाराचा फोन आला. मेघाचा खोपा अर्थात त्यांनीच घातला.

पुढं आम्ही सख्खे सोयरे झालो. सणासमारंभाला त्या मला "विहीणबाई" म्हणायच्या आणि खुर्चीत "ताई". त्या दोन बायकांची आपसांत ओळख नसावी असं वागायच्या. मी डाय सोडला तेव्हा फक्त म्हणाल्या, "बरं केलंत. आता तुमच्याशी मंडईत बोलता येईल." आणि बोलल्याही, दोडक्यांच्या ढिगापाशी उभ्या राहून चांगल्या तासभर.

गेल्या वर्षी कुंदाताई गेल्या. भेटायला येणाऱ्या बायकांची रीघ लागली होती. मेघाच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, प्रत्येकीला विचारत होत्या, "तुमची कशी ओळख?" कुणी म्हणालं, शेजारी होते. कुणी म्हणालं, अशीच देवळात भेट व्हायची. विहीणबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुंदाच्या एवढ्या मैत्रिणी होत्या? मला एकीचंही नाव माहीत नाही."

तेवढ्यात आमच्याच गल्लीतल्या एक बाई आल्या. त्यांना मी कितीदा तरी पार्लरच्या पडद्याआड शिरताना बघितलं होतं. केस काळेभोर, घरीच घाईनं रंगवलेले. डाव्या कानामागं भला मोठा डाग. पुसायला आता कोण होतं?

त्यांनी मला बघितलं आणि त्या दचकल्या. मी पोस्टाच्या पेटीकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघितलं. मग उठले आणि त्यांच्या डाव्या अंगाला जाऊन, अगदी खेटून बसले.