मास्तरांनी दिलेलं माप

शिंपीकामात तीस वर्षं मास्तरांनी लोकांची मापं घेतली, पण स्वतःचं माप द्यायची वेळ आली तेव्हा ते खोटं बोलले. रक्तातली साखर वाढली म्हणून पन्नाशीत सायकल घ्यायची ठरली. साधी कशाला, म्हणून वळलेल्या हँडलची रेसिंग सायकल. सायकलच्या दुकानातल्या बाईंनी टेप काढली तशी मास्तर म्हणाले, "मापं आम्ही घेतो, बाई. पाच फूट सात लिहा." होते ते पाच-चार. जाड टाचांच्या बुटांवर एवढी वर्षं निभावलं होतं.

सायकल आली. हँडल इतकं लांब, की तिथवर पोचायला मास्तर जवळजवळ आडवे होत. मान आखडली, कंबर धरली. बायको म्हणाली, "दुकानात दाखवून तरी या."

"होईल सवय," म्हणत ते पुन्हा टांग टाकत. पंधरा दिवसांत उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधीर झालं. तेही कुणाला सांगितलं नाही.

मग एक कोट बिघडला. कॉलरची शिलाई नागमोडी गेली होती आणि गिऱ्हाईक कोट काउंटरवर पसरून उभं होतं. शिलाई मास्तरांचीच, कापड सरकलेलं बोटांना कळलंच नव्हतं. पण तोंडातून निघालं, "कॉलर आमच्या मावशींकडे होती. हल्ली त्यांना नीट दिसत नाही."

मावशी बावीस वर्षं त्याच दुकानात कोपऱ्यात बसून हातशिलाई करत होत्या. त्यांची सुई क्षणभर थांबली. मान वर न करता त्यांनी पुढचा टाका घातला.

त्या संध्याकाळी मास्तर सायकलच्या नावाने तणतणत त्या दुकानात गेले. बाईंनी त्यांना सीटवर बसवून बाजूने पाहिलं. "कोपरं ताठ. सगळा भार तळहातांवर. करंगळी बधीर होते?"

मास्तरांनी करंगळी मुठीत लपवली.

"बूट काढा."

मास्तरांना भिंतीला टेकवून बाईंनी टेप लावली आणि वहीतला आकडा खोडून नवा लिहिला. एक शब्द बोलल्या नाहीत. हसल्या असत्या तर परवडलं असतं. मग सीट खाली घेतली, थोडी पुढे सरकवली, हँडल जवळ आणलं. "कोपरं सैल सोडा. सायकल तुम्हाला मोठीच आहे, पण चालून जाईल. हात सुधारायला महिना लागेल."

घरी येताना कुठेच दुखलं नाही, तरी मास्तरांना वर बघवेना.

दुसऱ्या दिवशी ते मावशींसमोर स्टूल ओढून बसले. "मावशी, ती कॉलर..."

"माहितीये. मी हात तरी लावला होता का तिला?"

"मग बोलला का नाहीत?"

"चारचौघांत मालकाचं तोंड पाडायचं?"

मास्तरांनी तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावला. चूक माझी होती, असं पुटपुटले. पलीकडून "काय? ऐकू येत नाही" आलं, तसा त्यांनी घाईने फोन ठेवला.

मावशींनी चष्म्यावरून पाहिलं. "काल खणखणीत बोलला होतात."

मास्तर उभे राहिले. पुन्हा नंबर लावला आणि रस्त्यावरच्याला ऐकू जाईल असं सगळं सांगितलं, बोटांसकट.

कॉलर मावशींनी उसवून पुन्हा लावली. महिनाभर मशीनवर त्याच बसल्या. येणारं-जाणारं विचारी, "मास्तर, आज तुम्ही इस्त्रीवर?" मास्तर पाणी शिंपडायच्या निमित्ताने तोंड फिरवत.