नखाएवढ्या खिडकीतले केस

बाकीची माणसं एकमेकांना तोंडावरून ओळखतात, मावशी माथ्यावरून ओळखायची. तीस वर्षं खुर्चीमागे उभं राहून लोकांचे केस कापल्यावर दुसरं काय होणार? रस्त्यात कुणी पाठमोरं दिसलं की नजर आधी भांगावर, मग हाक. "बँकेतल्या मॅडम ना? केस वाढवायला घेतलेत वाटतं."

तिचं पार्लर म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या, एक बेसिन आणि खिडकीत रोझमेरी या सुगंधी झुडपाच्या तीन कुंड्या. गिऱ्हाइकं झाडून सगळी तिला मावशी म्हणायची. खरी मावशी मात्र ती एकाच मुलीची, थोरल्या बहिणीच्या ठमीची.

ठमी चोवीस वर्षांची. एका दुपारी ती केस धुवायला आली आणि बेसिनच्या जाळीवर इतके केस जमले, की मावशीने नळच बंद केला.

"कधीपासून?"

"तीन-चार महिने झाले. ऑफिसात मी आता दिव्याखालच्या खुर्चीवर बसत नाही." हे तिने हसत सांगितलं, पण आरशात न बघता.

त्वचेच्या डॉक्टरांची वेळ तिने घेतली होती, पुढच्या महिन्यातली. पण जायचं नाव काढलं की म्हणायची, "ते म्हणाले की आता येणारच नाहीत, तर काय करू?" मग पार्लरमधल्याच एका जुन्या मासिकात तिला रोझमेरीवरचा लेख सापडला. कुठेशी थोड्या लोकांच्या डोक्याला तिचं तेल सहा महिने लावून बघितलं होतं म्हणे, आणि काहींना फरक वाटला होता. "मावशी, तुझ्या खिडकीतच तर आहे. डॉक्टर कुठे पळून जातायत?"

मावशीने तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर लेख वाचून तिलाच चैन पडेना. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकं येऊन सांगायची, कांद्याच्या रसाने आले, कोरफडीने आले, मेथीने आले. ती हो हो म्हणायची आणि मनात म्हणायची, मोजले कुणी?

मग सुरू झाले तिचे उद्योग. तेल काढणं घरी जमणारं नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी तिने पाला पाण्यात खळखळा उकळला. सगळी खोली घमघमली आणि पातेल्यात उरलं नुसतं पिवळट पाणी. दुसऱ्या दिवशी आच मंद ठेवून झाकण घातलं. झाकण उचललं तर त्याच्या आतल्या थेंबांना सगळ्यात जास्त वास. अच्छा, म्हणजे जे हवं ते वाफेबरोबर पळतंय तर. तेव्हापासून पातेलं गार होईपर्यंत ती झाकणाला हात लावू देत नसे. केलेलं पाणी तिसऱ्या दिवशी तार सुटून नासतं हे कळल्यावर ते दर दोन दिवसांनी ताजं करून ठमीच्या डोक्याला लावायचं ठरलं.

मोजायची युक्तीही तिचीच. पुठ्ठ्याच्या तुकड्याला नखाएवढी चौकोनी खिडकी कापली. भांग पाडायचा, कपाळापासून चार बोटं मागे तो पुठ्ठा ठेवायचा आणि भिंग धरून शेपटीच्या कंगव्याच्या टोकाने एकेक केस बाजूला करत मोजायचे. पहिल्या दिवशी एक्केचाळीस. महिन्याने चव्वेचाळीस. दोन महिन्यांनी एकोणपन्नास.

ठमीने डॉक्टरांची वेळ आधी पुढे ढकलली, मग रद्दच केली. जाळीवर केस अजून पडत होते, पण वहीतला आकडा वर चालला होता. मावशी म्हणायची, जुने जातायत, नवे येतायत.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ठमीची आई पार्लरमध्ये आली, नवे एप्रन शिवून घेऊन. ही बाई शिवणकाम करणारी. कापड सुताभर तिरकं असलं तरी तिच्या डोळ्याला टोचायचं. ठमी खुर्चीत, मावशीच्या हातात पुठ्ठा.

"काय गं," आई म्हणाली, "हिचा भांग कुणी हलवला?"

"कुणी कशाला हलवेल, ताई? रोजचाच आहे."

"मला सांगू नकोस. दहावीपर्यंत हिच्या वेण्या मी घातल्यात. भांग तिळावरून जायचा. तीळ कुठाय?"

मावशीने केस चाळले. तीळ चांगला बोटभर उजवीकडे होता, केसांच्या जाड बटेखाली झाकलेला. पहिल्या दिवशी तो पुठ्ठ्याच्या खिडकीत कोपऱ्यात दिसला होता, हे तिला लख्ख आठवलं. नंतर दिसला नाही, आणि न दिसल्याचं काही वाटलंही नव्हतं.

कुणाचा भांग रुंद होत चालला की तो हळूच दाट बाजूला सरकवायचा, वरून एक बट फिरवायची, आणि गिऱ्हाइकाला कळूही द्यायचं नाही, हे काम ती इतकी वर्षं करत आली होती. हाताला आता सांगावं लागत नव्हतं. ठमीचा भांगही त्या हातांनी परस्पर हलवला होता, दर खेपेला थोडा थोडा, जिथे केस जास्त तिथे.

"मग तिळापाशी मोज," ठमी म्हणाली.

मावशीने मोजले. मग परत मोजले.

"किती?"

"तेहतीस."

भिंग खाली ठेवत मावशी म्हणाली, "तीन महिने मी तुला फसवलं गं. मलाही कळलं नाही, पण फसवलंच." ठमीने पर्समधून फोन काढला आणि डॉक्टरांकडची सगळ्यात जवळची वेळ मागितली.

डॉक्टरांनी डोकं बघितलं, रक्त तपासलं. अंगात लोह अगदीच कमी निघालं. गोळ्या दिल्या, खाण्याचं सांगितलं. केस परत यायची आशा चांगली आहे, पण महिने लागतील, आणि आणखी आधी यायला हवं होतं, म्हणाले. रोझमेरीच्या पाण्याने काही बिघडायचं नाही, हेही म्हणाले.

आईला घेऊन ठमी पार्लरमध्ये परत आली, तेव्हा मावशीने पातेलं उचलून ठेवलं. "आता पाणी बंद."

"का? बिघडत नाही म्हणाले ना."

"अगं, दोन्ही चालू ठेवलं तर केस कशाने आले ते कळणार कसं?"

"मावशी, मला कळायचं नाहीये. मला केस हवेत."

मावशीने पातेलं परत शेगडीवर ठेवलं, मंद आचेवर, झाकण घालून. पाणी गार झाल्यावर बाटली भरून ठमीच्या हातात दिली. तळाशी वाटीभर उरलं.

मग ती स्वतःच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, केसांतल्या पिना काढून. तिचा माथा कुणी बघितल्याला वर्षं लोटली होती, कारण झाकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पिना निघाल्या तसा भांगाचा रुंद पट्टा उघडा पडला आणि ठमी म्हणाली, "अय्या, मावशी."

"अय्या काय. ताई, चष्मा लाव. डाव्या बाजूला हे पाणी, उजव्या बाजूला नुसतं कोमट. सहा महिने. आणि मोजायचं तू."

"भांगही मीच पाडणार," ताई म्हणाली. "तू हात मांडीवर ठेव."

तिने गळ्यातली मोजपट्टी काढली, दोन्ही कानांमधलं अंतर घेतलं, बरोबर मध्यावर खडूने खूण केली आणि पुठ्ठा टेकवला. मग कंगव्याच्या टोकाने एकेक केस बाजूला करत ती मोजू लागली.

"डावीकडे सदतीस," ती म्हणाली. "हलू नकोस. परत मोजते."